नाकारलेल्यांचे घर : पेनेलपी स्फीरिस यांच्या 'सबर्बिया' या चित्रपटाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

कुमारवयीन मुलांच्या बंडाचे चित्रण करणारे चित्रपट बहुधा दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात मूल वाट चुकते आणि अखेरीस घरी परतते. दुसऱ्या प्रकारात बंड हीच एक आकर्षक वस्तू होऊन बसते. अमेरिकन दिग्दर्शिका पेनेलपी स्फीरिस यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'सबर्बिया' (१९८३) हा चित्रपट या दोन्ही प्रकारांत बसत नाही. यातील मुलांना परतण्याजोगे घर नाही आणि त्यांच्या बंडात हेवा वाटावा असेही फारसे काही नाही. अत्यल्प खर्चात तयार झालेल्या या चित्रपटाला पुढे 'कल्ट' चित्रपटाचे स्थान प्राप्त झाले. व्यावसायिक यशाऐवजी एका लहान पण निष्ठावंत प्रेक्षकवर्गाच्या बळावर जो चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो, त्याला सामान्यतः ही संज्ञा लावली जाते.

'सबर्बिया'वरील लेखनात त्यातील संगीत आणि वेशभूषा यांचाच विचार बहुधा अधिक होतो. प्रस्तुत लेखात मात्र तो 'घर' या संकल्पनेच्या अंगाने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. पंक हा या चित्रपटाचा वेश आहे. त्याचा खरा विषय घराचे मोडणे आणि पुन्हा उभे राहणे हा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. पार्श्वभूमी : उपनगर आणि पंक

चित्रपटाचे शीर्षकच त्याच्या आशयाची किल्ली आहे. एका प्रसंगी एव्हन हा मुलगा आपल्या आईची जुनी रोजनिशी वाचून दाखवतो. 'सबर्ब' म्हणजे उपनगर आणि 'युटोपिया' म्हणजे आदर्शलोक, या दोन शब्दांच्या संयोगातून हे नाव झाले, असा अर्थ तीत लावलेला आहे. शब्दाची ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. परंतु एका पिढीने त्या नावात काय पाहिले, हे ती नेमके सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पाठबळ असलेल्या गृहकर्जांच्या आधारे अमेरिकेत एकाच छापाच्या घरांच्या विस्तीर्ण वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउन (१९४७ पासून) आणि लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडील लेकवुड (१९५० पासून) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. पुढे हिरवळ, बाजूला मोटारीची खोली आणि आत सुखी कुटुंब, असे ते चित्र होते. कृष्णवर्णीयांना या चित्रातून दीर्घकाळ पद्धतशीरपणे वगळण्यात आले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१९८० च्या सुमारास या स्वप्नाला तडे गेले होते. लॉस एंजेलिस परिसरातील मोठे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. साउथ गेट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. दुसरीकडे, नियोजित सेंच्युरी महामार्गासाठी सरकारने शेकडो घरे ताब्यात घेतली होती. १९७२ मधील न्यायालयीन दाव्यामुळे काम रखडले आणि रस्ता प्रत्यक्षात १९९३ मध्ये खुला झाला. मधल्या काळात अनेक घरे ओस पडून राहिली. स्फीरिस यांनी आपला चित्रपट अशाच ओसाड घरांमध्ये चित्रित केला. त्यामुळे पडद्यावरचे फुटक्या खिडक्यांचे, वाळलेल्या हिरवळीचे जग नेपथ्यकाराच्या कल्पनेतून आलेले नाही. ते त्या भूमीचे वास्तव आहे.

पंक संगीताचा उगम १९७०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन या महानगरांत झाला. दक्षिण कॅलिफोर्नियात मात्र त्याचे अधिक वेगवान व अधिक उग्र रूप उपनगरांतील शाळकरी मुलांनी घडवले. चित्रपटात प्रत्यक्ष वादन करणारे डी.आय., टी.एस.ओ.एल. आणि द व्हँडल्स हे तिन्ही गट याच उपनगरी पट्ट्यातले आहेत. म्हणजेच ज्या घरांनी ही मुले नाकारली, त्याच घरांतून हे संगीत बाहेर पडले. डिक हेब्डिज यांनी उपसंस्कृतीवरील आपल्या १९७९ च्या ग्रंथात पंक वेशभूषेची चिन्हव्यवस्था म्हणून मीमांसा केली. ती मीमांसा उपयुक्त आहे. पण 'सबर्बिया' चिन्हाच्या मागे जाऊन ते अंगावर धारण करणाऱ्या मुलाची झोपायची जागा कोणती, असा साधा प्रश्न विचारतो.

३. दिग्दर्शिकेची दृष्टी

स्फीरिस यांनी १९८१ मध्ये 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' हा लॉस एंजेलिसमधील पंक विश्वावरील माहितीपट प्रदर्शित केला होता. 'सबर्बिया' हा त्यांचा पहिला कथापट असला तरी त्यात माहितीपटकाराची नजर कायम आहे. प्रशिक्षित नटांना पंकचे सोंग देण्याऐवजी त्यांनी बहुतांश भूमिकांसाठी त्या वर्तुळातल्याच मुलामुलींची निवड केली. पाळीव उंदीर घेऊन वावरणाऱ्या रॅझलची भूमिका करणारा फ्ली पुढे 'रेड हॉट चिली पेपर्स' या गटाचा वादक म्हणून जगप्रसिद्ध झाला. या निवडीची किंमतही चित्रपटाने मोजली आहे. अनेक संवाद पाठ म्हटल्यासारखे वाटतात आणि भावनोत्कट प्रसंगी अभिनय अपुरा पडतो. तथापि हे अवघडलेपण सर्वस्वी दोषास्पद म्हणता येणार नाही. ज्या मुलांशी घरात कधी कोणी नीट बोललेच नाही, त्यांच्या तोंडी सफाईदार भाषा आली असती तर ती अधिक खोटी ठरली असती.

४. घराची पुनर्रचना

मद्यपी आईच्या त्रासाला कंटाळून एव्हन घर सोडतो आणि जॅक नावाच्या मुलाबरोबर एका ओस घरात येऊन पोचतो. तेथे राहणारी मुले स्वतःला 'टी.आर.' म्हणवतात. त्याचा अर्थ 'नाकारलेले' असा आहे, आणि ती अक्षरे ती डागून अंगावर उमटवून घेतात. येथे एक सूक्ष्म विरोध ध्यानात घ्यावा लागतो. समाजाने मारलेला शिक्का मुले स्वेच्छेने पत्करतात आणि तोच आपल्या कुळाची खूण बनवतात. मात्र शीला या मुलीच्या पाठीवर आधीच व्रण आहेत, आणि ते तिच्या बापाने दिलेले आहेत. एक खूण आपलेपणाची आणि दुसरी अत्याचाराची, दोन्ही त्वचेवरच्याच. चित्रपट त्यांविषयी भाष्य करीत नाही, केवळ दोन्ही दाखवतो.

या घरात पुढे एव्हन आपल्या धाकट्या भावाला, ईथनला, घेऊन येतो. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल आईला अटक झाल्यावर त्या लहानग्याला पाहणारे कोणी उरलेले नसते. मुले त्याचे केस पंक पद्धतीने कापतात आणि आपल्यात सामावून घेतात. बंडखोरांच्या टोळीत शिशुवर्गातले मूल यावे, हा प्रसंग वरवर विनोदी वाटतो. वस्तुतः चित्रपटाचा गाभा तेथेच आहे. ज्यांना कोणी सांभाळले नाही, ती मुले सांभाळण्याचे काम अंगावर घेतात. ती हे काम नीट करू शकत नाहीत, कारण ती स्वतःच मुले आहेत. ती परक्यांच्या मोटारखोल्यांतून अन्न चोरतात, मारामाऱ्या करतात, एकमेकांना दुखावतात. स्फीरिस त्यांना निष्पाप ठरवीत नाहीत. त्या एवढेच दाखवतात की मोडक्या घरातसुद्धा घराची गरज मोडत नाही.

५. दोन मृत्यूंमधील अंतर

चित्रपटाचा प्रारंभ एका भयंकर प्रसंगाने होतो. घरातून पळालेल्या शीलाला एक स्त्री आपल्या मोटारीत घेते. वाटेत चाक पंक्चर होते, मदतीसाठी दूरध्वनी करीत असताना एक मोकाट कुत्रा त्या स्त्रीच्या लहान मुलावर झडप घालतो आणि मूल दगावते. ही भटकी कुत्री मुळात उपनगरातल्या घरांचीच. माणसे गेली आणि ती मागे राहून रानटी झाली. 'गुन्हेगारीविरोधी नागरिक' म्हणवणारे जिम आणि बॉब हे दोघे बंदुका घेऊन त्यांना टिपत फिरतात. कामधंदा सुटलेली ही माणसे हळूहळू आपला रोख कुत्र्यांवरून मुलांवर वळवतात. टाकून दिलेले प्राणी आणि टाकून दिलेली मुले यांतला फरक त्यांच्या लेखी उरत नाही.

मध्यंतरी शीला अमली पदार्थांच्या अतिसेवनाने स्वतःचे जीवन संपवते. तिच्या अंत्यविधीला आलेल्या मित्रांना तिचा बाप निघून जाण्यास सांगतो. ज्याने छळले त्याच्याकडे शोकाचा अधिकार, आणि ज्यांनी आसरा दिला ते उपरे, असा हा प्रसंग आहे. रक्ताचे नाते आणि निवडलेले नाते यांतील संघर्ष येथे जितका उघडा पडतो, तितका अन्यत्र कोठेही पडत नाही.

शेवटी ते दोघे नागरिक मोटार घेऊन टी.आर.च्या घरावर चालून येतात आणि त्या धांदलीत ईथन मोटारीखाली सापडून मरतो. प्रारंभी कुत्र्याने मूल मारले. अखेरीस मूल मारले ते कुत्र्यांपासून समाजाचे रक्षण करणाऱ्यांनी. या दोन मृत्यूंमध्ये चित्रपटाचा सारा युक्तिवाद सामावलेला आहे. पहिल्या मृत्यूसाठी प्रेक्षक प्राण्याला दोष देऊन मोकळा होतो. दुसऱ्याच्या वेळी ती सोय त्याला राहत नाही. चित्रपट यानंतर लवकरच संपतो. न्यायालय नाही, पश्चात्ताप नाही, समेट नाही.

६. मर्यादा

चित्रपटाविषयी आत्मीयता असली तरी त्याच्या उणिवांकडे डोळेझाक करता येत नाही. निर्माते रॉजर कॉर्मन हे स्वस्त व सनसनाटी चित्रपटांसाठी प्रसिद्ध होते आणि त्या परंपरेच्या खुणा येथे दिसतात. संगीताच्या कार्यक्रमात जमाव एका तरुणीचे कपडे ओरबाडतो, तो प्रसंग याचे ठळक उदाहरण होय. प्रसंगाचा हेतू पंक जगातील क्रौर्य दाखवण्याचा असला, तरी कॅमेरा त्या तरुणीच्या बाजूने उभा राहत नाही. तो जमावातलाच एक होऊन पाहतो. शीलाच्या व्रणांकडे पाहणारा संयम येथे हरवतो.

वंशभेदाचा प्रश्नही अर्धवट राहतो. जॅकचा सावत्र बाप कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी आहे आणि मुलांशी माणुसकीने बोलणारा तो जवळजवळ एकमेव प्रौढ आहे. ज्या उपनगरांनी त्याच्या समाजाला दारे बंद ठेवली, तेथेच कायदा राखण्याचे काम त्याच्याकडे यावे, ही मोठी नाट्यमय शक्यता होती. चित्रपट तिला स्पर्श करून पुढे निघून जातो. जॅकच्या मनातील त्याच्याविषयीच्या द्वेषाची तपासणी होत नाही.

याच संदर्भात संज्ञेविषयी एक सावधगिरी आवश्यक वाटते. मराठी समीक्षेत 'विद्रोह' या शब्दाला दलित साहित्याने विशिष्ट अर्थ दिला आहे. त्यात शोषणव्यवस्थेची जाणीव आणि पर्यायी मूल्यांचा आग्रह अभिप्रेत आहे. 'सबर्बिया'तील मुलांकडे अशी जाणीव नाही. त्यांना आपण नाकारलेलो आहोत हे कळते. कोणत्या व्यवस्थेने व का नाकारले, हे कळत नाही. म्हणून त्यांच्या वर्तनाला विद्रोह न म्हणता 'नकार' म्हणणे अधिक योग्य ठरेल. यात त्या मुलांचा अधिक्षेप नाही. त्यांचे दुःख त्यामुळे अधिक असहाय ठरते.

७. समारोप

स्फीरिस यांनी पुढे १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' हा अत्यंत यशस्वी विनोदी चित्रपट दिला. परंतु १९९८ मध्ये त्या आपल्या माहितीपटाचा तिसरा भाग घेऊन पुन्हा लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर राहणाऱ्या बेघर पंक मुलांकडे वळल्या. पंधरा वर्षांपूर्वी कथेतून मांडलेले वास्तव संपलेले नव्हते. त्यांचा मूळ माहितीपट २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट करण्यात आला. 'सबर्बिया'चे स्थान मात्र आजही मुख्यतः त्याच्या चाहत्यांच्या मनातच आहे.

एकंदरीत पाहता, 'सबर्बिया' हा तांत्रिकदृष्ट्या सदोष, दृष्टिकोनात काही ठिकाणी डळमळीत, परंतु मूलतः प्रामाणिक चित्रपट आहे. अध्यापनाच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना त्याचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटावे. विचित्र केस, फाटके कपडे आणि उद्धट उत्तर यांपाशी आपली नजर सहसा थांबते, आणि त्या नजरेलाच आपण शिस्त समजतो. शीलाच्या पाठीवरचे व्रण पाहण्यासाठी कोणीतरी तिला आधी विचारावे लागले. तो विचारणारा तिच्याच वयाचा एक बेघर मुलगा होता, कोणी प्रौढ नव्हता. चित्रपटातील सर्वांत कठोर आरोप हाच आहे आणि तो मोठ्या आवाजातल्या कोणत्याही गाण्यातून आलेला नाही.