परोपकारी प्रदर्शने आणि समीक्षेचे मौन : सोनागाछीतील मुलांच्या छायाचित्रांच्या संदर्भात

समाजोपयोगी कार्यासाठी निधी जमविण्याच्या हेतूने भरविल्या जाणाऱ्या छायाचित्र-प्रदर्शनांची परीक्षणे पाहिली असता त्यांत उद्देशाची प्रशंसा आढळते, विक्रीचा तपशील आढळतो. प्रत्यक्ष छायाचित्रांविषयी मात्र फारसे लिहिलेले नसते. झाना ब्रिस्की या छायाचित्रकर्तीने कोलकात्यातील सोनागाछी या वेश्यावस्तीत मुलांना बरोबर घेऊन केलेल्या उपक्रमाच्या आधारे प्रस्तुत लेखात या मौनाचा विचार केला आहे.

अशा वस्तीचे छायाचित्रण ही नवी गोष्ट नव्हे. मुंबईतील फॉकलंड रोडवर मेरी एलन मार्क या अमेरिकी छायाचित्रकर्तीने 1978 मध्ये केलेले काम 1981 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आरंभीच्या भेटींत तेथील स्त्रियांनी आपल्यावर कचरा व पाणी फेकल्याचे मार्क यांनीच नमूद केले आहे. तो विरोध म्हणजेही छायाचित्रणाविषयीचे एक मतच होते, आणि ते कोणत्याही समीक्षकाच्या मतापेक्षा स्पष्ट होते. मार्क यांनी चिकाटीने त्या स्त्रियांचा विश्वास मिळविला. तथापि कॅमेरा अखेरपर्यंत त्यांच्याच हाती राहिला.

ब्रिस्की यांच्या उपक्रमाचे वेगळेपण येथेच आहे. 1998 मध्ये त्या सोनागाछीत आल्या त्या तेथील स्त्रियांची छायाचित्रे घेण्यासाठी. मुलांना कॅमेऱ्याचे वाटणारे कुतूहल पाहून 2000 पासून त्यांनी मुलांसाठी वर्ग सुरू केला व साधे कॅमेरे त्यांच्या हाती दिले. पुढे 2002 मध्ये ‘किड्स विथ कॅमेराज’ ही संस्था स्थापन झाली. मुलांच्या छायाचित्रांची प्रदर्शने कोलकात्यात व न्यूयॉर्कमध्ये भरली, सदबीज या लिलावसंस्थेमार्फत काहींची विक्री झाली, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या 2003 च्या दिनदर्शिकेत त्यांना स्थान मिळाले. विक्रीचे उत्पन्न मुलांच्या शिक्षणासाठी होते. ब्रिस्की आणि रॉस कॉफमन यांनी या साऱ्यावर केलेल्या ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ (2004) या माहितीपटाला 2005 मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला.

आता छायाचित्रांकडे वळू. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला अशा वस्तीत प्रथम दिसतात ते दारात उभ्या असलेल्या स्त्रिया, खाट आणि गिऱ्हाईक. मुलांच्या चौकटीत गच्ची येते, गल्ली येते, भावंडे येतात, सहलीतला समुद्र येतो. मुलाच्या उंचीवरून पाहिल्यामुळे मोठी माणसे कधी अर्धवट कापली जातात, आणि त्या कापण्यातून त्या अरुंद जागेतील दाटी जशी जाणवते तशी ती सुबक मांडणीतून जाणवत नाही. यांतील काही छायाचित्रे खरोखर चांगली आहेत, काही केवळ योगायोगाने साधली आहेत, तर काही साधारण आहेत. इतका साधा भेदही या उपक्रमाच्या गौरवपर लेखनात क्वचितच केला जातो. वेश्यावस्तीतील मुलाने काढले एवढे सांगितले की छायाचित्र थोर ठरते. म्हणजे किंमत चित्राची होत नाही, जन्मस्थानाची होते. समीक्षेतून अशी सूट देणे ही दया असेल. कलावंत म्हणून दिलेली मान्यता मात्र नव्हे.

दुसरा प्रश्न सहकार्य या शब्दाचा. सोनागाछीत 1992 पासून डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने एचआयव्ही-प्रतिबंधाचे काम सुरू झाले व त्यातूनच 1995 मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ ही वेश्याव्यवसायातील स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. या संघटनेचा माहितीपटात उल्लेखही नाही, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो रास्त आहे. पडद्यावर माता बहुधा अडथळा म्हणून दिसतात आणि सुटकेची वाट बाहेरूनच येते. ओळख उघड होऊ नये म्हणून हा चित्रपट भारतात प्रदर्शित न करण्याची भूमिका निर्मात्यांनी घेतली. हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्यामुळे ज्यांच्याविषयी तो आहे, त्यांच्याच शहरात त्याची जाहीर चर्चा व्हायला वाव उरला नाही.

उपक्रमाचे फलित नाकारण्याचे कारण नाही. काही मुले निवासी शाळांत गेली, त्यांतील एकाने पुढे न्यूयॉर्कमध्ये चित्रपटकलेचे शिक्षण घेतले. काहींनी शाळा सोडली किंवा घरच्यांनी त्यांना परत नेले, हेही माहितीपटाच्या अखेरीस प्रांजळपणे सांगितले आहे. मात्र त्यातील सर्वांत मोलाचे प्रसंग शाळेचे वा लिलावाचे नसून वर्गातले आहेत. मुले कॉन्टॅक्ट शीटवर वाकून कोणते छायाचित्र ठेवायचे आणि कोणते टाकायचे याची निवड करतात, एकमेकांच्या चित्रांवर बोलतात. समीक्षा तेथे सुरू झाली होती. प्रदर्शनाच्या भिंतीवर चित्र आले, शेजारी मुलाची करुण कहाणी आली; ते चित्र का निवडले, हे त्या मुलाचे म्हणणे तेथवर पोहोचले नाही.