जीवाणूरोधक जैवपदार्थ आणि प्रयोगशाळेतील पुरावा : पुण्यातील रजतकण-संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीनच्या उत्पादनात देश स्वावलंबनाच्या वाटेला लागला. त्याच परिसरात पुढे पुणे-नाशिक महामार्गालगत मोशी, कुरुळी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. भट्टी, वेल्डिंग आणि प्रेसच्या कामात भाजणे, हात चिरडणे हे धोके नित्याचे असतात. अशा जखमेत अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू शिरले तर पेनिसिलीनच्या काळातील विश्वास अपुरा पडतो. म्हणूनच जीवाणूंची वाढ रोखणारी मलमे, पट्ट्या व रोपणे यांच्या संशोधनाला महत्त्व आले आहे. प्रस्तुत लेखात पुण्यातील या संशोधनाचा परामर्श घेतला आहे.

संशोधनाचे स्वरूप

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००१ साली बुरशीच्या साहाय्याने चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर यांच्या गटाने २००९ साली असे कण असलेल्या जेलचा अभ्यास मांडला. कणांचा आकार ७ ते २० नॅनोमीटर होता. प्रचलित सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तुलनेत चांदीचे प्रमाण तीस पटींनी कमी असूनही जेलची जीवाणूविरोधी व्याप्ती त्याच्याशी तुलनीय आढळली. सेफ्टाझिडीमसह या कणांचा परिणाम वाढला, तर क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर तो परस्परविरोधी ठरला. प्रतिकूल निष्कर्षही नोंदविणे हे या अभ्यासाचे निःसंशय बलस्थान होय.

चिकित्सा

तथापि, येथे दोन संकल्पनांमधील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. जीवाणूला मारणारा पदार्थ आणि जीवाणूला चिकटूच न देणारा पदार्थ हे एक नव्हेत. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली रोपणाच्या पृष्ठभागावर शरीरपेशी आणि जीवाणू यांच्यात शर्यत लागते, अशी मांडणी केली. जीवाणू आधी पोहोचले तर त्यांचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, तयार होतो. द्रवात मोकळ्या तरंगणाऱ्या जीवाणूंना मारणारी मात्रा या थराला पुरत नाही. शिवाय जखमेतील स्रावात क्लोराइड व प्रथिने असतात. ती चांदीच्या आयनांना बांधून ठेवतात आणि प्रभावी मात्रा घटते. त्यामुळे परीक्षानळीतील यश जखमेवर जसेच्या तसे लागू करता येत नाही.

दुसरा प्रश्न प्रतिरोधाचा. चांदीला जीवाणू सरावत नाहीत, हा समज चुकीचा आहे. बोस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला आढळल्याचे १९७५ साली प्रसिद्ध झाले. १९९९ साली त्यामागील जनुकांची रचना उलगडली. २०१८ साली झेक संशोधकांना असे आढळले की, चांदीच्या कणांशी वारंवार संपर्क आल्यास काही जीवाणू फ्लॅजेलिन निर्माण करून कणांचे गोळे करतात व त्यांना निष्प्रभ करतात. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने हे फ्लॅजेलिन रोखता आले, ही त्यातील आशादायक बाब.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. चांदीचा लेप दिलेली सिलझोन हृदयझडप संसर्ग टाळण्यासाठी आली होती. झडपेच्या कडेने रक्तगळती होण्याचे प्रमाण अधिक आढळल्याने ती २००० साली मागे घेण्यात आली. जीवाणूंना घातक ठरणारा पृष्ठभाग शरीराच्या ऊतींनाही जुळून येण्यास अडथळा करू शकतो, हा त्यातील धडा आहे. पुण्यातील अभ्यासात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या त्वचेवर तीव्र विषाक्तता दिसली नाही. हे समाधानकारक असले तरी दीर्घकालीन वापराचे उत्तर त्यातून मिळत नाही.

महाविद्यालयीन संशोधनाची मर्यादा

या मोठ्या संशोधनाचे अनुकरण आज अनेक महाविद्यालयांत होते. तुळस वा कडुलिंबाच्या पाल्याच्या अर्कातून चांदीचे कण तयार करायचे, आगरच्या बशीत जीवाणूमुक्त वलय मोजायचे आणि 'प्रभावी जैवपदार्थ' असा निष्कर्ष काढायचा, ही पद्धत रूढ झाली आहे. वस्तुतः वलयाचा व्यास पदार्थ आगरमध्ये किती पसरतो यावरही अवलंबून असतो. लेपातून चांदी भराभर झिरपली तर वलय मोठे दिसते, परंतु लेप लवकर रिता होतो. याउलट, घटक पृष्ठभागाशी घट्ट बांधलेला असेल तर वलय शून्य येते आणि तरीही तो पृष्ठभाग उपयुक्त असू शकतो. अर्थात, केवळ वलयावरून दोन जैवपदार्थांची तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे.

निष्कर्ष

पुण्यातील संशोधनाने कमी चांदीत परिणाम साधण्याची दिशा दाखविली, हे त्याचे योगदान मान्य करावे लागते. मात्र त्याचे मूल्यमापन चार कसोट्यांवर व्हावयास हवे : स्रावाच्या सान्निध्यातील परिणाम, बायोफिल्मवरील परिणाम, वारंवार संपर्कानंतरचा प्रतिरोध आणि ऊतींची सुसंगती. यांपैकी पहिल्या तीन कसोट्या साध्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतही काही अंशी पार पाडता येतात. माध्यमात रक्तद्रव मिसळणे, सूक्ष्मपट्टिकेत थर वाढविणे, तोच जीवाणू अल्प मात्रेत वीस पिढ्या वाढवून पुन्हा तपासणे, यांस मोठा निधी लागत नाही. कुरुळीतील कामगाराच्या भाजलेल्या हातावर जे मलम लागेल, त्याचा निवाडा बशीतील वलयावर ठरू नये, एवढी अपेक्षा अध्यापक-संशोधकांकडून रास्तच आहे.