जुनी चित्रपटगीते, नवे ध्वनिसंस्करण : 'प्रभात'च्या संगीताच्या संदर्भात एक विचार

मराठी अभ्यासकाला पाठचिकित्सा नवीन नाही. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत छापली, तेव्हापासून कोणती ओवी मूळची, कोणती मागाहून घुसडलेली, यावर वाद झडत आले आहेत. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र हाच अभ्यासक कमालीचा भाबडा ठरतो. मुखपृष्ठावर 'रीमास्टर' हा शब्द दिसला की आतील गाणे हे मूळ गाणेच, फक्त धुऊन-पुसून स्वच्छ केलेले, असे तो गृहीत धरतो. कॅसेटमागून सीडी आली आणि 2017 मध्ये सारेगामा कंपनीने हजारो गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' हा संच आणला. या प्रवासात जुनी चित्रपटगीते पुन्हा घराघरांत पोहोचली, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु जे पोहोचले ते नेमके काय आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात तो 'प्रभात फिल्म कंपनी'च्या संगीताच्या संदर्भात विचारला आहे.

पहिली अडचण 'मूळ' या शब्दाचीच आहे. 'अयोध्येचा राजा' (1932) प्रदर्शित झाला त्या काळात पार्श्वगायनाची पद्धत रुळलेली नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर गात असे आणि साथीदार चौकटीबाहेर बसून साथ करीत. हा आवाज फिल्मच्या कडेवरील प्रकाशपट्ट्यावर उमटे. ग्रामोफोनसाठी तेच पद पुष्कळदा स्वतंत्रपणे पुन्हा गाऊन घेतले जाई. दहा इंची ध्वनिमुद्रिकेची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची असल्याने अंतरा गळे, लय वाढे, वाद्यमेळही बदले. म्हणजे एकाच पदाचे दोन पाठ सिद्ध होत. पुनःप्रकाशनात यांपैकी कोणता पाठ घेतला आहे हे बहुधा सांगितले जात नाही. चित्रपटाचे नाव आणि वर्ष छापले जाते, आणि श्रोता ध्वनिमुद्रिकेवरील पाठ चित्रपटातील समजून ऐकतो.

दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चे (1936) उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. संगीत केशवराव भोळे यांचे, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद अनेकांना तुकोबांच्या गाथेतीलच वाटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. शब्दांच्या बाबतीत ती गफलत यथावकाश दुरुस्त झाली. ध्वनीच्या बाबतीत अशी दुरुस्ती करणारे कोणी नाही. भजनाचा प्राण टाळ, चिपळ्या आणि वीणेचा झंकार यांत असतो, आणि या वाद्यांची चमक वरच्या कंपनसंख्यांत राहते. प्रकाशपट्ट्याची खरखर आणि ध्वनिमुद्रिकेवरील सुईची सरसर यांचा वावरही त्याच प्रदेशात असतो. खरखर काढणाऱ्या संगणकीय गाळणीला टाळ कोणता आणि सुई कोणती हे कळत नाही. गाळणी सढळ हाताने वापरली की खरखरीबरोबर टाळाची धार जाते, 'स', 'श' ही व्यंजने बोथट होतात आणि आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटतो. मग तो उणेपणा झाकण्यासाठी कृत्रिम घुमारा चढविला जातो. पागनीसांचा साधा, अंगणातला वाटणारा स्वर अशा वेळी एखाद्या मोठ्या सभागृहात जाऊन बसतो. भक्तीचा आशय स्वराच्या जवळिकीतून व्यक्त होत असेल, तर हा केवळ तांत्रिक फरक नव्हे. अर्थच बदलला आहे.

गतीचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. '78 फेऱ्यांची' म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक ध्वनिमुद्रिका नेमक्या त्याच गतीने मुद्रित झालेली असे असे नाही. 78 ऐवजी सुमारे साडेब्याऐंशी फेऱ्यांनी ती फिरवली, तर स्वर एका अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. त्या काळातील गायक उंच पट्टीत गात, असे विधान वर्गात नेहमी केले जाते. ते खरे असेलही; पण त्याचा पुरावा म्हणून गतीची शहानिशा न केलेली सीडी पुढे करणे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही.

'कुंकू'मध्ये (1937) हा प्रश्न टोकाला जातो. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी रूढ पार्श्वसंगीत टाळले आणि प्रसंगातील नैसर्गिक आवाजांवरच भिस्त ठेवली. येथे घरातले बारीकसारीक आवाज हेच संगीत आहे आणि शांतता हा रचनेचा भाग आहे. खरखर काढण्याच्या भरात या शांततेलाही खरखरच समजून पुसले, तर दिग्दर्शकाचा निर्णयच पुसला जातो. शिवाय पुनःप्रकाशनात शांता आपटे यांची पदे तेवढी सुटी काढली जातात. ज्या निःशब्द पार्श्वभूमीवर नीरेचे गाणे बंडासारखे उसळते, ती पार्श्वभूमी श्रोत्याला मिळतच नाही. सुटे गाणे गोड लागते, आणि तेवढेच.

याविरुद्ध 'मुघल-ए-आझम'चा दाखला दिला जाईल. 2004 मध्ये तो रंगीत होऊन प्रदर्शित झाला, तेव्हा मूळ गायन कायम ठेवून साथसंगीत नव्याने मुद्रित करण्यात आले. पण तेथे खुद्द नौशाद हयात होते व त्या कामात सहभागी होते. रचनाकाराने स्वतः केलेला फेरफार हा नवा पाठ म्हणून मान्य करता येतो. तो जुन्याची जागा घेत नाही. भोळे केव्हाच निवर्तले. पियानो आणि हवाईयन गिटार यांसारखी वाद्ये मराठी चित्रपटसंगीतात आणणाऱ्या या विचारी संगीतकाराने आजच्या स्टीरिओ मांडणीला होकार दिला असता की नाही, याचा निवाडा एखाद्या ध्वनितंत्रज्ञाने करावा, हे योग्य नव्हे. नव्वदच्या दशकातील 'झंकार बीट्स'ची तर चर्चाही नको. तो निदान आपले रूप लपवीत नव्हता.

रीमास्टरिंगच नको, असा याचा अर्थ नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातील आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. जे उरले आहे त्याचे अंकीय रूपांतर तातडीने व्हायलाच हवे. मात्र जतन केलेली अस्पर्श प्रत एक आणि श्रोत्यांसाठी सजविलेली प्रत दुसरी, हा भेद राखला पाहिजे. 1930 च्या दशकातील ध्वनिमुद्रणांवरील हक्काची मुदत केव्हाच संपली असल्याने (शब्द व चाल यांचे हक्क वेगळे) कोणीही त्यांची आवृत्ती काढू शकतो, आणि म्हणूनच या भेदाची निकड वाढली आहे.

या कामात महाविद्यालयांना बरेच करता येण्यासारखे आहे. रत्नागिरी परिसरात चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेल्या ध्वनिमुद्रिका जुन्या घरांच्या माळ्यांवर अद्याप सापडू शकतात. कोकणातील दमट हवेत त्यांना बुरशी लागते, वेष्टने कुजतात. त्या विकत घेण्याइतका निधी ग्रंथालयाकडे नसला, तरी लेबलवरील मजकूर आणि लेबलालगतच्या कोऱ्या कड्यावर कोरलेला क्रमांक विद्यार्थ्यांकडून उतरवून घेता येईल. हे मुद्रण कोणते व कितव्या वेळचे, याचा माग त्या क्रमांकावरूनच लागतो. आणि रीमास्टर केलेल्या संचांत नेमका तोच छापलेला नसतो.