चांगला काप

जुन्या चिंचेच्या खोडावर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, ताटलीएवढा एक गोल असतो. मध्ये करडं, वाळलेलं लाकूड आणि भोवतीनं सालीची जाड, गुळगुळीत कड, चारी अंगांनी सारखीच आत सरकत आलेली. कधीकाळी तिथून फांदी उतरवलेली असते. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब-येरमाळ्याच्या आतल्या रस्त्यांना अजून चिंचा, कडुनिंब, वड टिकून आहेत. तिथे असे गोल शोधावे लागतात, कारण वाईट कापांचीच गर्दी फार. पण एखादा सापडला तर गाडी थांबवावी. ज्याला झाडांच्या शल्यक्रियेचा धंदा करायचा आहे त्यानं करवत विकत घेण्याआधी हा गोल वाचायला शिकावं, असं माझं मत आहे.

आधी आकार बघा. तो गोल आहे, म्हणजे करवत योग्य जागी लागली. फांदी खोडातून निघते तिथे तिच्या बुडाशी थोडा फुगवटा असतो, आणि वरच्या बेचक्यात सालीची काळपट सुरकुती. करवत त्या सुरकुतीच्या जरा बाहेरून सुरू होऊन फुगवटा शाबूत ठेवत तिरकी खाली उतरली पाहिजे. हौशी माणसाला हा फुगवटा खटकतो. तो खोडाला लगटून सपाट कापतो. हात फिरवला तर काही लागू नये, एवढं साफ. मग जखम लांबोळकी होते, नवी साल फक्त दोन बाजूंनी चढते, वर-खाली उघडंच राहतं, आणि तिथून कूज आत शिरते. दुसरा प्रकार आळशाचा: हातभर खुंट ठेवून मोकळं व्हायचं. खुंट वाळतो, त्यावर साल चढू शकत नाही, आणि कुजणारं लाकूड वाट करून देतं. या दोन चुकांच्या मध्ये जी बोटभर जागा आहे तिथे सगळी कला आहे.

आता गोलाच्या खाली बघा. खालची साल अखंड आहे. ही अखंड साल म्हणजे आधीच्या दोन कापांची साक्ष, आणि मला या कामात सर्वांत देखणं वाटतं ते हेच. जड फांदी एका दमात वरून कापायला गेलं की अर्ध्यावर ती स्वतःच्या वजनानं मोडते आणि जाताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. म्हणून जाणकार आधी खोडापासून हातभर दूर, खालच्या बाजूनं थोडासा काप घेतो. मग त्याच्याही पलीकडे वरून दुसरा. फांदी पडते, साल सुटते ती त्या पहिल्या कापापाशीच थांबते. उरलेला हलका खुंट हातानं धरून तिसरा, खरा काप. पहिले दोन काप फांदीबरोबर सरपणात जातात. त्यांचं श्रेय कुणी देत नाही, कारण ते कुणाला दिसतच नाहीत; दिसते ती न सोललेली साल.

आणि ती जाड कड? जखम भरून येतेय असं आपल्याला वाटतं, पण झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. अमेरिकेच्या वनखात्यात काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स शायगो या संशोधकानं यांत्रिक करवतीनं हजारो झाडं उभी चिरून आतली कूज तपासली आणि १९७७ साली सहकाऱ्यासह आपली मांडणी प्रसिद्ध केली: दुखावलेलं लाकूड तसंच राहतं, झाड त्याच्याभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून त्याला बंद करून टाकतं. या बंदोबस्तातला एक महत्त्वाचा पहारा फांदीच्या त्या फुगवट्यातच असतो. सपाट कापणारा नेमका तोच उडवतो.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदावर एक छोटा अध्याय आहे. पानं फिकट पडणं, अंकुर न वाढणं, फांद्या वाळणं, रस गळणं, अशी आजाराची लक्षणं तिथे येतात आणि मग उपचार: आधी शस्त्रानं साफसफाई, नंतर वावडिंग, तूप आणि चिखलाचा लेप, नंतर दूध घातलेलं पाणी. तुपा-दुधावर हसणारे हसोत. मला आवडतो तो क्रम. आधी शस्त्र, मग लेप. पुढे या धंद्याचा जनक मानल्या गेलेल्या जॉन डेव्हीनं १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक काढलं. त्या परंपरेत झाडाच्या ढोलीत सिमेंट भरणं ही मोठी कामगिरी समजली जाई. शायगोनंतर ही पद्धत मोडीत निघाली. आपल्याकडे फळबागेत बोर्डो पेस्ट आहेच: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. आंब्या-द्राक्षाला बुरशीचा धोका असतो, तिथे तिला जागा आहे. पण चुकीच्या जागी घेतलेला काप निळ्या लेपानं सुधारत नाही. मालकाचं समाधान होतं, एवढंच.

मग धाराशिवच्या पोरानं हे शिकावं कुठे? माझ्या मते जिल्ह्यात दोन शाळा आहेत आणि दोन्हींना पाटी नाही. पहिली द्राक्षबाग. शेजारच्या सोलापुरातल्या नान्नजनं सोनाका दिली, आणि तुळजापूर-धाराशिवच्या शिवारात मांडव उभे आहेत. इथे झाड वर्षातून दोनदा कापलं जातं: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. टोळ्या एकरावर उक्तं काम घेतात. नवखा आधी काड्या गोळा करतो, मग त्याच्या हाती सिकेटर येतं. खरडीला ओलांड्यावरच्या, म्हणजे मांडवावर आडव्या नेलेल्या फांदीवरच्या, काड्या डोळा राखून मागे घ्यायच्या. फळछाटणी नाजूक. सबकेनच्या, म्हणजे उपकाडीच्या, गाठीजवळ घड दडलाय की पुढच्या डोळ्यात, हे बाहेरून कळत नाही. म्हणून बागायतदार आधी काड्या प्रयोगशाळेत पाठवून सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतो. एक डोळा अलीकडे कापलं तर घड गेला. डोळे फोडणारी पेस्ट लावली की आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात आणि कुणाचा हात कसा चालला ते ओळीओळीला दिसतं. एवढ्या लवकर निकाल देणारी शाळा शिकाऊ माणसाला दुसरी मिळायची नाही.

दुसरी शाळा चिंचेवरची. उन्हाळ्याच्या तोंडाशी चिंचेची झाडं उक्ती घेऊन झोडणारी माणसं शेंड्यापर्यंत जातात. कुठली फांदी वजन घेईल, कुठली करकरेल, हे त्यांच्या तळपायांना कळतं. आग्या मोहोळ कुठे बसलंय हे चढायच्या आधी बघायचं, ही त्यांची पहिली शिस्त, तीही शिकण्याजोगीच. त्यांच्याकडे नसतं ते कमरेचं पट्टाबंद हार्नेस, दुहेरी दोर, हेल्मेट. उंचीवर काम करणाऱ्याला यात सवलत नाही, आणि यांत्रिक करवत हा शेवटचा धडा असला पाहिजे, पहिला नव्हे. सुरुवातीचा बराच काळ जमिनीवरच जावा: दोर सांभाळणं, पडणाऱ्या फांदीची दिशा ओळखणं, माणसं लांब ठेवणं.

द्राक्षाचा हात आणि चिंचेचा पाय एकत्र आला तरी एक गोष्ट नवी शिकावी लागते. इथे निकाल आठ दिवसांत लागत नाही. ती कड बंद व्हायला वर्षं जातात, आणि तोवर पैसे देऊन गिऱ्हाईक विसरलेलं असतं. म्हणूनच झाडाचं मुंडण करून देणाऱ्यांचं फावतं. विजेच्या तारेखालचा कडुनिंब वरून सपाट उडवला की त्या दिवशी काम झाल्यासारखं वाटतं. मग एकाच जागी पंधरा फुटवे येतात, वरवर चिकटलेले, आणि चार-पाच वर्षांनी वळिवाच्या वाऱ्यात हेच फुटवे तारेवर येतात. शहरी हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’ ठरवलं. नवख्यानं नगरपालिकेचा कागद बघितल्याशिवाय करवत उचलू नये. पण सपाट काप आणि चांगला काप यांतला फरक कुठल्या कागदावर नसतो.

या विद्येचा सर्वांत उंच नमुना मात्र मला शेजारच्या तेलंगणात दिसतो. महबूबनगरजवळ पिल्ललमर्रीचा वड आहे, सुमारे ७०० वर्षांचा मानला जाणारा. वाळवीनं पोखरून त्याच्या फांद्या ढासळू लागल्या, तेव्हा २०१८ मध्ये सलाईनच्या बाटल्या टांगून खोडात पातळ केलेलं कीटकनाशक थेंब थेंब सोडलं गेलं; जड फांद्यांखाली टेकू दिले, पारंब्या नळ्यांतून जमिनीकडे नेल्या. एक पारंबी मातीत रुजली की ती टेकूचं काम स्वतः करते. आपल्या गावोगावच्या वडांना गळ्यापर्यंत सिमेंटचे पार बांधलेले आहेत आणि पारंब्या पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून वरच्यावर छाटलेल्या. धाराशिव जिल्ह्यात नव्यानं धंद्यात उतरणाऱ्याला पहिलं काम बहुधा अशाच एखाद्या वडाखाली मिळेल. तिथे करवत नंतर. आधी पहार घेऊन खोडाभोवतीचं सिमेंट हातभर मागे हटवायचं, आणि लोंबणाऱ्या पारंबीसाठी माती भरलेला पोकळ बांबू उभा करायचा.