समान मैदानाची सोय

दोन पुरुष खेळाडूंमधील अनुराग हा विषय इंग्रजीतील नाटक-कादंबऱ्यांना आता नवखा राहिलेला नाही. टेनेसी विल्यम्सच्या 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' (१९५५) या नाटकापासून रेचल रीड या कॅनेडियन लेखिकेच्या 'हीटेड रायव्हलरी' (२०१९) या लोकप्रिय कादंबरीपर्यंतची वाटचाल पाहिली, तर या विषयाने मृत्यूपासून सुखान्तापर्यंतचा प्रवास केला असल्याचे दिसते. समाजाची दृष्टी पालटली, कायदे पालटले, आणि कथांचे शेवटही पालटले. रचनेतील एक गोष्ट मात्र तशीच राहिली. या परंपरेतील नावाजलेल्या कृतींत प्रेम करणारे दोघे बहुधा एकाच खेळातले असतात. ते एका संघातले सोबती असतील, एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतील, किंवा एक गुरू आणि दुसरा शिष्य असेल; परंतु मैदान एकच. एक मुष्टियोद्धा आणि एक टेनिसपटू, एक फुटबॉलपटू आणि एक जलतरणपटू अशी जोडी व्यवहारात अशक्य नाही. वाङ्मयात ती विरळा का असावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वस्तुतः या कथांचे सामर्थ्य कोठे आहे आणि त्या कोठे उण्या पडतात, हे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

भरताने शृंगाराचे व्यभिचारी भाव सांगताना आलस्य, औग्र्य आणि जुगुप्सा हे तीन वगळले आहेत. खेळाडूंच्या प्रेमकथेत यांपैकी औग्र्य नेमके मध्यवर्ती येऊन बसते. समोरच्याला पाडण्याची, हरवण्याची, त्याच्या देहावर आपला जोर सिद्ध करण्याची प्रवृत्ती खेळाने वैध ठरविलेली असते. आणि ज्या प्रीतीला बोलण्यास मज्जाव आहे ती या वैध उग्रतेच्या आडोशाने बोलू लागते. शृंगाराने वीराचे कपडे घालावेत असा हा प्रकार आहे. लेखकाला यात मोठी सोय आहे. भेटीचे निमित्त सामना पुरवितो, स्पर्शाचे निमित्त खेळाचे नियम पुरवितात, विरहाचे निमित्त परगावचा दौरा पुरवितो. जे भाषेने करावयाचे ते मैदान करून टाकते. ही सोय पुष्कळदा महाग पडते, कारण मैदान बोलू लागले की पात्रे मुकी राहिली तरी चालते.

विल्यम्सच्या नाटकात या मुकेपणाचेच नाट्य झाले आहे, आणि म्हणून ते या परंपरेच्या आरंभी असूनही अजून तिच्या माथ्यावर आहे. ब्रिक आणि स्किपर हे महाविद्यालयापासूनचे सोबती. पुढे धंदेवाईक फुटबॉलमध्येही ते एकाच संघातून खेळले. पडदा उघडतो तेव्हा स्किपर मरून गेलेला आहे आणि ब्रिक दारूत बुडाला आहे. स्किपरने दूरध्वनीवरून आपल्या मनातले सांगितले आणि ब्रिकने फोन खाली ठेवला, एवढीच काय ती घटना. तीही रंगमंचावर घडत नाही. आपली मैत्री निर्मळ होती, असे ब्रिक वडिलांना आक्रोशून सांगतो, आणि त्या आक्रोशाच्या तीव्रतेनेच प्रेक्षकाच्या मनात शंका उत्पन्न होते. मम्मटाने देव, गुरू, राजा इत्यादींविषयीच्या रतीला रसपदवी न देता 'भाव' म्हणून वेगळे काढले. ब्रिकची सारी धडपड हीच आहे. स्किपरविषयीची आपली रती ही भावच होती, रस नव्हता, हे त्याला सिद्ध करावयाचे आहे. त्याला ते साधत नाही. एक तपशील येथे लक्षणीय आहे. ब्रिकच्या पायाला जे प्लास्टर आहे ते फुटबॉलमुळे नाही. मध्यरात्रीनंतर, नशेत, शाळेच्या ओसाड मैदानावर तो अडथळ्यांची शर्यत एकट्याने धावावयास गेला होता. सोबती गेल्यावर सोबत्याचा खेळ उरत नाही. उरतो तो एकट्याने खेळावयाचा खेळ, आणि त्यात त्याचा घोटा मोडतो. १९५८ च्या चित्रपटाने या संबंधावर पांघरूण घातले, तेव्हा कुबड्या शिल्लक राहिल्या आणि त्यांचा अर्थ हरवला.

पॅट्रिशिया नेल वॉरेन यांच्या 'द फ्रंट रनर' (१९७४) या कादंबरीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. प्रशिक्षक हार्लन ब्राउन आणि धावपटू बिली साइव्ह यांची ही कथा धाडसी होती आणि तिला वाचकही पुष्कळ लाभले. पुढच्या, म्हणजे १९७६ च्या, माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरच बिलीला गोळी घालून लेखिकेने त्याला हुतात्मा केले. हौतात्म्याने प्रेमाची उदात्तता सिद्ध होते. त्याचे स्वरूप मात्र उलगडत नाही. धावण्याच्या सरावाची वर्णने तेवढी आजही टवटवीत आहेत.

रेचल रीड यांची कादंबरी याच्या अगदी उलट टोकाला उभी आहे. शेन हॉलंडर हा संयमी कॅनेडियन आणि इल्या रोझानोव्ह हा उर्मट रशियन, दोघेही आइस हॉकीतील अव्वल खेळाडू. एक माँट्रिऑलचा, दुसरा बॉस्टनचा. जगापुढे हाडवैर आणि हॉटेलच्या खोलीत प्रणय, असे हे वर्षानुवर्षे चालते. २०२५ साली कॅनडात या कथेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि तिचा बोलबाला झाला. अशा लोकप्रिय वाङ्मयाकडे नाक मुरडण्याची विद्यापीठीय सवय येथे सोडलेली बरी, कारण रचनेच्या दृष्टीने ही कादंबरी बरीच चतुर आहे. दोन संघांचे सामने जेव्हा पडतील तेव्हाच नायकांची भेट. म्हणजे हॉकीच्या हंगामाचे वेळापत्रक हेच कथानकाचे पंचांग. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे प्रकार सांगितले, त्यांपैकी विरोधलयीवर ही सारी कादंबरी तोललेली आहे. मात्र वैर हेच प्रेमाचे इंधन असल्यामुळे, वैर निवल्यावर या दोघांना एकमेकांशी बोलावयास काय आहे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. लेखिकेलाही तो जाणवला असावा. इल्याने बॉस्टन सोडून माँट्रिऑलजवळच्या ओटावाच्या संघात जावयाचे ठरते, आणि प्रेमाची अडचण भूगोलाने सुटते. मैदान एक, फक्त अंतर कमी. वाचक सुखावतो, पण सुटली ती प्रवासाची अडचण.

या सोयीतून बाहेर पडण्याची एक वाट रिचर्ड ग्रीनबर्गच्या 'टेक मी आउट' या नाटकाने दाखविली. हे नाटक २००२ मध्ये लंडनला आले आणि २००३ मध्ये ब्रॉडवेवर त्याला उत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. बेसबॉलचा अव्वल खेळाडू डॅरेन लेमिंग आपण समलिंगी असल्याचे जाहीर करतो आणि संघात खळबळ उडते. नाटकातील जिवंत भाग तो नव्हे. तो आहे मेसन मार्झॅक. डॅरेनचे आर्थिक व्यवहार पाहणारा हा एकाकी गृहस्थ. बेसबॉल त्याने आजवर पाहिलेलाही नसतो. डॅरेनमुळे तो खेळ पाहू लागतो आणि पाहता पाहता खेळाच्याच प्रेमात पडतो. त्याच्या लांबलचक स्वगतात बेसबॉलचे नियम, त्याचा संथपणा, त्याची अंकगणिते यांना जो उजाळा मिळतो, तो एकाही खेळाडूच्या तोंडून मिळाला नसता. खेळाडूला आपला खेळ दिसत नाही. तो परक्याला दिसतो. मेसनला डॅरेन मिळत नाही, हे खरे. परंतु प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या अपरिचित विद्येकडे कुतूहलाने पाहणे, हा अर्थ या परंपरेत येथे स्पष्टपणे हाती लागतो.

दोन भिन्न खेळांतील खेळाडूंची प्रेमकथा लिहावयाची तर ती याच जागेपासून सुरू करावी लागेल. तेथे दोघेही एकाच वेळी जाणते आणि अजाण असतील. जलतरणपटूला पाण्यातील शतांश सेकंदाची किंमत कळते. फुटबॉलच्या मैदानावर आपला मित्र चांगला खेळला की वाईट, हे त्याला गर्दीच्या ओरडण्यावरून ओळखावे लागेल. एकाचा हंगाम थंडीतला, दुसऱ्याच्या स्पर्धा उन्हाळ्यातल्या. एकाने वजन वाढवावयाचे, दुसऱ्याने देह हलका ठेवावयाचा. म्हणजे एका ताटात जेवण्याचीही पंचाईत. अशा जोडीत औग्र्याला जागा नाही, कारण हरवण्यासारखे दोघांत काही नाही. मग उरतात ते दुसरे व्यभिचारी भाव: ग्लानी, चिंता, औत्सुक्य, आणि विशेषेकरून श्रम. श्रमाची कारणे सांगताना भरताने प्रवासाबरोबर व्यायामाचाही उल्लेख केला आहे, ही गोष्ट खेळाडूंच्या कथा लिहिणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. दिवसभर थकलेले, निरनिराळ्या ठिकाणी दुखणारे दोन देह, आणि तिशीपुढे या देहांचे काय, ही दोघांना सारखीच असलेली धास्ती. हे साहित्य अस्सल आहे. परंतु ते मैदानावर दिसत नाही. त्यासाठी घर लिहावे लागते, आणि क्रीडाकथेचे लेखक घरात शिरावयास बिचकतात.

गुप्ततेचे यंत्रही आता झिजत चालले आहे, हे वेगळेच. इंग्लंडकडून खेळलेला क्रिकेटपटू स्टीव्हन डेव्हिस २०११ मध्ये, बास्केटबॉलपटू जेसन कॉलिन्स २०१३ मध्ये, अमेरिकन फुटबॉलमधील कार्ल नासिब २०२१ मध्ये आपल्याविषयी उघडपणे बोलले. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. समाजाचा जाच एवढ्याने संपतो असे नाही. पण केवळ उघडकीस येण्याच्या भीतीवर कथा उभारण्याचे दिवस सरत आले आहेत.

अरविंद अडिगा यांच्या 'सिलेक्शन डे' (२०१६) या मुंबईच्या क्रिकेटवरील कादंबरीचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. ती प्रसिद्ध झाली तेव्हा २०१३ च्या न्यायनिर्णयाने कलम ३७७ पुन्हा अमलात आलेले होते. कर्नाटकातून येऊन चटणी विकणारा मोहन कुमार आपल्या दोन मुलांना फलंदाज करावयाचे ठरवितो. मुलगे कसे वागावेत याचे त्याने घातलेले निर्बंध वाचताना मराठी वाचकाला तालमीतल्या ब्रह्मचर्याची आठवण व्हावी; फरक इतकाच, की तालमीत देह मारुतीला वाहिलेला असतो, येथे तो आनंद मेहता नावाच्या धनिकाकडे भावी कमाईच्या हिश्श्यापोटी गहाण पडलेला आहे. धाकटा मंजू मोठ्या भावापेक्षा सरस निघतो. त्याचे मन गुन्हेशास्त्राच्या प्रयोगशाळेत रमते. त्याच्या आयुष्यात येतो जावेद अन्सारी, श्रीमंत घरातला, उद्धट, गुणी, कविता करणारा फलंदाज.

आरंभी हे दोघे प्रतिस्पर्धी आहेत, आणि तोवर कादंबरी परिचित वाटेने जाते. मग जावेद क्रिकेट सोडतो. मंजूनेही सोडावे असा त्याचा आग्रह आहे. या क्षणी कादंबरीत प्रथमच दोन मैदाने तयार होतात, आणि मंजूपुढे पडलेला प्रश्न रीडच्या नायकांपुढे कधीच पडत नाही. तेथे प्रेम आणि खेळ यांचा मेळ घालावयाचा असतो. येथे खेळ हाच भाकरीचा करार आहे आणि प्रेम त्या कराराबाहेरून हाक मारीत आहे. जावेदला खेळ टाकून देणे परवडते. मंजूला परवडत नाही. अनुरागाच्या आड येथे लोकलज्जा आहेच. पण तिच्याइतकीच ऐपतही आहे, हे अडिगांनी ओळखले. समलिंगी प्रीतीच्या पाश्चात्त्य क्रीडाकथांत हा हिशेब सहसा मांडला जात नाही. ब्रिकच्या बापाकडे हजारो एकर जमीन आहे, आणि हॉकीचे नायक तर कोट्यधीशच.

टॉमी सरांचे चित्रण कादंबरीतील सर्वोत्तम म्हणावे लागेल. गुणी पोरे हुडकीत मैदानोमैदान हिंडणारा हा म्हातारा मंजूच्या फलंदाजीकडे ज्या आसक्तीने पाहतो, तिला रती म्हणावे की भाव, हे मम्मटालाही ठरविता आले नसते. उलट मंजू आणि जावेद यांच्या भेटींत लेखणी चाचरते. जावेद कवी आहे असे वाचकाला सांगितले जाते. त्याचे कवित्व त्याच्या बोलण्यात, पाहण्यात उतरत नाही. मंजूला त्याच्यात काय दिसले हे त्यामुळे पुष्कळसे कल्पनेवर राहते. मुंबईच्या गल्लीत कन्नड, हिंदी, मराठी यांच्या सरमिसळीत जगणारी ही पोरे इंग्रजीत बोलतात, तेव्हा बॅट, बॉल, विकेट हे शब्द स्वाभाविक वाटतात, कारण ते सर्व भाषांचे झालेले आहेत. मनातल्या गोष्टीसाठी मात्र या मुलांजवळ कोणता शब्द होता, यारी, दोस्ती की आणखी काही, हे कादंबरी शोधीत नाही. तो शब्द सापडला असता तर मंजूने तो गिळला हेही दाखविता आले असते.

अखेरीस मंजू क्रिकेटकडे वळतो, आणि लेखक काही वर्षे ओलांडून थेट त्याच्या कडवट प्रौढपणापाशी येतो. उडी मोठी आहे. मधल्या वर्षांत जावेदने आपल्या नव्या, चेंडूविरहित जगात काय केले, सकाळच्या सरावाची सवय असलेला त्याचा देह पहाटे जागा होऊन काय करीत असे, मंजूचे नाव वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर दिसले की तो पान उलटीत असे की वाचीत असे, याचा मागमूस लागत नाही. जावेद मैदानाबाहेर गेला आणि अडिगांनी त्याच्यामागे जावयाचे टाळले. ते मंजूबरोबर सीमारेषेच्या आतच थांबले.