वैमानिक कवि मॅगी : एका सुनीताचें ऋण

दुसऱ्या महायुद्धांत वयाच्या १९ व्या वर्षीं मृत्यु पावलेला वैमानिक जॉन गिलेस्पी मॅगी हा आज ‘हाय फ्लाइट’ या एका सुनीतानेंच ओळखला जातो. त्या सुनीतावर वाङ्मयचौर्याचा आक्षेप घेण्यांत येतो. त्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

मॅगीचा जन्म १९२२ सालीं शांघाय येथें झाला. वडील अमेरिकन मिशनरी, आई इंग्लिश. इंग्लंडांतील रग्बी विद्यालयांत त्यानें १९३९ सालीं काव्यपारितोषिक मिळविलें. पूर्वीं तें रुपर्ट ब्रुक या कवीस मिळालें होतें. १९४० सालीं तो कॅनडाच्या वायुदलांत शिरला. ता. ३ सप्टेंबर १९४१ च्या पत्रांतून त्यानें हें सुनीत आईबापांस धाडलें. तें ३०,००० फूट उंचीवर सुचूं लागलें व खालीं उतरल्यावर लवकरच पुरें झालें, असें तो स्वतःच सांगतो. ता. ११ डिसेंबर १९४१ रोजीं लिंकनशायरच्या आकाशांत त्याच्या स्पिटफायरची एका शिक्षण-विमानाशीं टक्कर होऊन त्याचा अंत झाला. तेव्हां तीन महिने आधींच्या या रचनेंत मरणाची चाहूल शोधणें म्हणजे कालविपर्यास होय. तींत युद्धाचा उल्लेखहि नाहीं.

आतां आक्षेप. १९३८ सालीं ‘इकारस’ नांवाचा उड्डाणविषयक कवितांचा संग्रह निघाला. त्यांतील कथबर्ट हिक्सच्या ‘द ब्लाइंड मॅन फ्लाइज’ या कवितेचे अखेरचे शब्द मॅगीच्या अंतिम चरणांत जसेच्या तसे आले आहेत. हें साम्य नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु साम्य म्हणजेच चौर्य काय? आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या चतुर्थ उद्द्योतांत काव्यसंवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा व तुल्यदेही पुरुषासारखा. पहिले दोन त्याज्य. तिसरा ग्राह्य, कारण चेहरा सारखा असला तरी आत्मा निराळा असतो. वस्तु नवी स्फुरत असेल तर जुनी पदरचनाहि दूषण ठरत नाहीं, असेंहि तो म्हणतो. हिक्सचा नायक अंध आहे. स्पर्श हें त्याचें एक ज्ञानसाधन. मॅगीचा वैमानिक डोळस आहे. प्रारंभीं त्याच्या क्रियापदांची नुसती धांवपळ चालते. मग चढतां चढतां गति निमते, मन निःशब्द होतें, आणि दृष्टीचें काम संपल्यावर हात पुढें होतो. शब्द तेच, पण तेथवर पोंचण्याची वाट मॅगीची स्वतःची. म्हणून आमच्या मतें हा संवाद तिसऱ्या प्रकारचा आहे. मात्र शेवटच्या चरणाची शब्दसिद्धि मॅगीच्या प्रतिभेची म्हणून वाखाणणें आम्हांस मान्य नाहीं.

घरीं लिहिलेल्या खासगी पत्रांत मुलानें आधार नमूद करावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. तें कर्तव्य पुढें ही कविता छापणारांचें आहे. १९८६ सालीं ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघातानंतर राष्ट्राध्यक्ष रीगन यांनीं शोकभाषणाचा शेवट याच शब्दांनीं केला. त्यांत मॅगीचेंहि नांव नव्हतें, मग हिक्सचें कोठून असणार? जेथें हें सुनीत छापलें जाईल तेथें त्याखालीं हिक्सचा निर्देश असावा. ऋण मान्य केल्यानें मॅगी लहान होत नाहीं. न केल्यानें हिक्सवर मात्र अन्याय होतो.