आता माझा नंबर

इंजिनिअरिंगच्या पोरांना बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय. गेम खेळणाऱ्यांना बॅकलॉग म्हणजे सेलमध्ये घेऊन ठेवलेले, फुकट मिळाले म्हणून लायब्ररीत ढकललेले आणि कधीच न उघडलेले गेम. मराठी वर्तमानपत्रं याच शब्दासाठी 'अनुशेष' वापरतात. विदर्भाचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष, पदभरतीतला अनुशेष. वि. म. दांडेकरांच्या समितीचा अहवाल १९८४ साली आला, त्यानंतर तर हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात मुक्कामालाच राहिला. आणि तो नुसत्या उरलेल्या कामाबद्दल बोलत नाही. आमच्या वाट्याचं होतं, ते दुसरीकडे गेलं, असा दावा त्यात असतो. माझ्या यादीला मी हाच शब्द लावते.

यादीत ४७ गेम आहेत. मागच्या दिवाळीपासून एकच नियम ठेवलाय: एका वेळी एक गेम, तो संपवायचा, नाहीतर का सोडला ते वहीत लिहून मगच उडवायचा. यातले निम्मे मी विकत घेतलेले. उरलेले मी लहानपणी 'पाहिलेले'. नाशिकरोडला काकांच्या घरी पीसी होता आणि कीबोर्ड दादाकडे असायचा. मी आणि धाकटी चुलतबहीण स्टुलावर बसून रस्ता सांगायचो. "डावीकडे काटे आहेत", "आता उडी मार". आमचा नंबर जेवणाचं ताट वाढेपर्यंत यायचा नाही. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तर मुलींनी गेम खेळायला बसणं हाच एक बघण्याचा कार्यक्रम झाला असता.

म्हणून पहिला गेम घेतला तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनरने तो १९८९ साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राची हालचाल तयार केली. आज खेळताना जाणवतं ते त्या शरीराचं वजन. पळत सुटलेला राजपुत्र बटण सोडलं म्हणून जागीच थांबत नाही, दोन पावलं घसरतो. उडी घेतली की घेतली, हवेत मन बदलता येत नाही. लांबून बघताना मला वाटायचं दादा हळू आहे. तो हळू नव्हता, गेमच विचार करून पाऊल टाकायला लावतो.

पूर्ण गेमला ६० मिनिटं मिळतात. तेवढ्यात राजकन्येने जाफरशी लग्न करायचं की मरायचं ते ठरवायचं आहे. मधूनमधून ती दिसते, शेजारी वाळूचं घड्याळ. सगळ्या गेममध्ये ती एकच काम करते: आठव्या लेव्हलला एक उंदीर पाठवते, तो कळ दाबतो आणि दार उघडतं. स्टुलावरून रस्ता सांगणाऱ्या कुणालाही ही भूमिका ओळखीची वाटेल. पण गेममधली खरी भारी कल्पना राजकन्येची नाही, सावलीची आहे. आरशातून उडी मारताना राजपुत्राची सावली सुटी होते, पुढे त्याला त्रास देत राहते आणि बाराव्या लेव्हलला तलवार काढून समोर उभी राहते. तिला मारलं तर आपलाच जीव कमी होतो. तलवार म्यान करून तिच्या अंगात शिरायचं, हाच मार्ग. तासभर तलवार चालवायला शिकवल्यावर ती ठेवून द्यायला सांगणं, तेही एका शब्दाची सूचना न देता! पस्तीसहून जास्त वर्षं झाली, पण ही जागा अजून शिळी झालेली नाही.

पुढचे काही भराभर गेले. 'जीटीए फाइव्ह' मे २०२०मध्ये, लॉकडाऊनात एपिकवर फुकट मिळाला होता. तीन संध्याकाळी खेळून उडवला. शहर अप्रतिम, माणसं सगळी एकाच सुरात ओरडणारी. लुकस पोपचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' मात्र दोन रविवार खाऊन गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या विम्याचा निरीक्षक होऊन एका जहाजावरच्या ६० माणसांचं काय झालं ते शोधायचं. त्या यादीत हिंदुस्थानी खलाशीही आहेत आणि त्यांची ओळख चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, कोण कुणाशेजारी झोपतो यावरून पटवावी लागते. यावर वेगळं लिहीन.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, आमचा काही बॅकलॉग नाही, आम्ही बीजीएमआय खेळतो. बरोबर आहे. ज्याला शेवट आहे तेच राहून जाऊ शकतं. बीजीएमआयला सीझन असतात, रोजची बक्षिसं असतात, पण शेवट नसतो. तो बाहेरून येतो, जसा २ सप्टेंबर २०२०ला पबजीवर बंदीचा हुकूम आला तसा. माझा अशा गेमवर राग नाही. त्यांच्याबद्दल समीक्षेच्या भाषेत बोलता येत नाही एवढंच, कारण मधला भागच संपत नाही.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो 'स्टार्ड्यू व्हॅली'ने. २०१६चा गेम, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून बनवलेला. कोड, चित्रं, संगीत सगळं त्याचंच. कथा अशी: आजोबा मरताना एक बंद पाकीट देतात. पुढे कंपनीच्या ऑफिसात कंटाळून गेल्यावर ते उघडायचं. आत शेताचा वारसा. नोकरी सोडून गावी जायचं, पंधरा बियाणी आणि थोडे पैसे घेऊन सुरुवात करायची.

नाशिकमध्ये बसून हे खेळताना पहिल्याच दृश्याला हसू येतं. आमच्याकडची वाहतूक उलटी आहे. निफाडचं, दिंडोरीचं पोरगं शेतातून निघतं आणि सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत लागतं. मी ही तशीच, फक्त कंपनीऐवजी आयटीत. एका रविवारी काका (ते पिंपळगावजवळ थॉमसनची बाग करतात) मागे उभे राहून बघत होते. गेममध्ये पाऊस पडला आणि मी खूश झाले, कारण पावसाच्या दिवशी पाणी घालायचे कष्ट वाचतात.

"पाऊस आला की बरं?" काका म्हणाले. "आणि डाउनीचं काय?"

डाउनी नाही, भुरी नाही, मणी तडकत नाहीत, गारपीट नाही. कावळे येतात, त्यांना बुजगावणं पुरतं. मग त्यांनी विचारलं, भाव कोण ठरवतं?

हा प्रश्न मला एकाही परीक्षणात दिसला नव्हता. गेममध्ये द्राक्षाला ८० सोन्याची नाणी मिळतात. माल चांगला असेल तर १००, उत्तम असेल तर १२०. घराबाहेर एक पेटी असते, रात्री झोपण्याआधी तिच्यात माल टाकायचा, सकाळी पूर्ण पैसे जमा. आडत नाही, हमाली-तोलाई नाही, माल उचलून गायब होणारा व्यापारी नाही. सगळ्या गावाने द्राक्षंच लावली तरी ८०. या गेममध्ये जादूगार आहे, जंगलात राहणारे छोटे आत्मे आहेत, पण सगळ्यात अद्भुत गोष्ट म्हणजे ती पेटी. कांदा मात्र पीक म्हणून नाहीच, रानात पातीचा मिळतो. एका अर्थी बरंच आहे. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, लासलगावचे लिलाव बंद पडले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. हे त्या गावात कसं बसवणार?

गेमने वास्तव दाखवायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. मला एवढंच विचारायचंय की हे स्वप्न कुणाचं आहे. ते शेतकऱ्याचं नाही, टेबलाशी बसलेल्या माणसाचं आहे. कष्टाला ठरलेला मोबदला, ठरल्या वेळी खात्यात: म्हणजे पगारच, फक्त उन्हात मिळणारा. दुसऱ्या वर्षी सगळीकडे फवारे बसवले, वाइनची पिंपं ओळीने मांडली आणि माझं शेत हुबेहूब ऑफिससारखं चालायला लागलं. तिथेच कंटाळा आला. ही गेमची उणीव आहे की प्रामाणिकपणा, यावर मी अजून वहीत खाडाखोड करते आहे.

आणि ते पाकीट. आजोबा ते ज्याच्या हातात देतात तो मुलगा असेल किंवा मुलगी, निवड आपली. सातबारावर भाऊबंदांची नावं नाहीत, बँकेचा बोजा नाही. महाराष्ट्राने १९९४ सालीच कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ साली देशभर दिला गेला. तरी माझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली, तिच्या ओळखीतल्या बहुतेक जणींनी केली. भावाचं दार उघडं राहावं म्हणून. गेममध्ये तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आजोबांचं भूत येऊन हिशेब घेतं: कमाई किती, माणसं किती जोडली, लग्न झालं का. लग्नाचे गुण मिळतात, आजोबा शेवटी आजोबाच. पण शेत कुणाच्या नावावर असावं हे ते विचारत नाहीत. मी त्या दिवसापर्यंत खेळले ते या एका कारणासाठी.

त्यानंतर लगेच 'राजी' घेतला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०चा. जत्रेत कसरती करणारी राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू. राक्षस हल्ला करून मुलांना पळवतात तो दिवस राखीपौर्णिमेचा. पुढचा सगळा प्रवास बहीण भावाला सोडवायला करते. राखीचा अर्थ उलटवल्याचा कुठे गाजावाजा नाही, आणि तीच या गेमची सगळ्यात चांगली बाब. दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे बघत आपसात बोलतात, मधली दृश्यं सावल्यांच्या बाहुल्यांतून येतात. खांबाला गिरकी घेऊन त्रिशूळ मारणं पहिल्या तासात झकास वाटतं. नंतर तेच राक्षस, त्याच गोल अंगणात, पुन्हा पुन्हा. कॅमेरा इतका लांब राहतो की राजीचा चेहराच कळत नाही. ज्या मुलीच्या जिवावर गोष्ट चाललीये तिला आपण सगळा वेळ टेकडीवरून बघतो. महाल, कमळांचे हौद, भिंतीवरची चित्रं मात्र थांबून पाहावीत अशी.

शेवट तर शेवटच नाही. महाबलासुराशी सामना होतो आणि गोष्ट मध्येच तुटते. पाच-सहा तास चालून बहीण भावापर्यंत पोहोचली का, हे धड कळत नाही. चुलतबहिणीला मी तो गेम दिला होता, तिचा रात्री दीड वाजता मेसेज आला: "हे काय? गोलू कुठंय?" दुसरा भाग 'राजी: कलियुग' जाहीर झालाय, असं तिला कळवलं आणि वहीत ४८वं नाव लिहिलं.